न कळणारे शब्द टंकताना : आर्स नोटोरिया प्रकल्पाच्या नोंदी

१५ जून २०२४, शनिवार

आजपासून ही वही. आठवडाभर माझं काम मोडी कागदांचं : स्कॅन करायचे, सूची लावायची, लागत नसलेली अक्षरं लावायची. हा प्रकल्प मात्र शनिवार-रविवारचा, पदरमोडीचा. कुणी सांगितलेला नाही.

नेमकं काय करायचंय ते आधी लिहून ठेवते, म्हणजे भरकटले तर मागे बघता येईल. ‘आर्स नोटोरिया’ हा लॅटिन ग्रंथ बाराव्या शतकाच्या अखेरीस किंवा तेराव्याच्या सुरुवातीला, बहुधा उत्तर इटलीत तयार झाला. विधी करून ज्ञान आणि स्मरणशक्ती मिळवण्याचा हा ग्रंथ आहे. यात गुप्तधन नाही, वशीकरण नाही, शत्रूचा नाश नाही. व्याकरण यावं, तर्क यावा, ऐकलेलं डोक्यात राहावं, बोलताना जीभ अडखळू नये, एवढंच मागणं. जादूच्या पोथ्यांमध्ये इतकी सरळ विद्यार्थ्याची मागणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

हस्तलिखितं पन्नासेक उरली आहेत. फ्रेंच अभ्यासक ज्युलियां व्हेरोनेझ यांनी २००७ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली, त्यामुळे पाठ ठरवायचं ओझं माझ्यावर नाही. मी तीनच साक्षी, म्हणजे ताडून पाहायच्या प्रती, घेणार. येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयातलं ‘मेलन १’, साधारण १२२५चं, जुन्यातल्या जुन्या प्रतींपैकी एक. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातलं ‘लॅटिन ९३३६’, चौदाव्या शतकातलं, टीका जोडलेलं. आणि रॉबर्ट टर्नरने १६५७ मध्ये लंडनमध्ये छापलेलं इंग्रजी भाषांतर. प्रार्थनेसमोर प्रार्थना, शब्दासमोर शब्द, आणि प्रत्येक शब्दाला चित्रातल्या त्याच्या जागेचा पत्ता. टिपा मराठीत.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, कारण आज दोघांनी तेच विचारलं. मनात वाडा बांधून खोलीखोलीत गोष्टी ठेवायच्या, ती स्मरणकला वेगळी. ती ग्रीक-रोमन वक्त्यांची. तिथे मेहनत असते. इथे उपास आणि प्रार्थना करायच्या, आकृतीकडे पाहायचं, आणि देव विद्या आत ओततो.

१६ जून, रविवार

प्रतिमा उतरवल्या. आयआयआयएफचं, म्हणजे ग्रंथालयांनी प्रतिमा देण्यासाठी ठरवलेल्या सामाईक पद्धतीचं, एक बरं आहे, प्रत येलची असो की पॅरिसची, पान मागायची रीत तीच. फाइलींची नावं : ग्रंथ, पानाचा अंक, पुढची बाजू की मागची. एवढंच काम, पण संध्याकाळ गेली.

२३ जून, रविवार

आज फक्त वाचन. वसईच्या फादरांना फोन केला. निवृत्त आहेत, सेमिनरीत लॅटिन शिकले आणि ते त्यांना अजून तोंडपाठ येतं. ‘आठवड्याला एक तास देईन, पण माझ्याकडून मंत्र म्हणून घ्यायचे नाहीत,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘फादर, टंकायचे आहेत, म्हणायचे नाहीत.’

ग्रंथाची कूळकथा शलमोनाची. बायबलमध्ये राजांच्या पहिल्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात, गिबोन इथे स्वप्नात देव विचारतो, काय देऊ? शलमोन दीर्घायुष्य मागत नाही, संपत्ती मागत नाही, शहाणपण मागतो. आर्स नोटोरिया म्हणते की ते शहाणपण ज्या वाटेने आलं ती वाट हीच. पॅम्फिलिअस नावाच्या देवदूताने ती शलमोनाला दिली, पुढे अपोलोनिअस नावाच्या तत्त्वज्ञाने तिचं विवरण केलं आणि त्याला ‘फ्लोरेस आउरेई’, म्हणजे सोन्याची फुलं, असं नाव दिलं. जुन्या नावाखाली नवा ग्रंथ लपवायची चाल आपल्याकडच्या वाचकाला नवी नाही. व्यासांच्या नावावर किती खपलंय.

विद्या कोणत्या? मध्ययुगीन विद्यापीठात ज्या होत्या त्याच. व्याकरण, तर्क, वक्तृत्व ही पहिली तिकडी. मग अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. त्यांच्यावर तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या. प्रत्येक विद्येला ठरावीक ‘नोटे’ आहेत, म्हणजे आकृत्या : व्याकरणाला तीन, तर्काला दोन, वक्तृत्वाला चार. ग्रंथाच्या नावातला ‘नोटोरिया’ यांच्यावरूनच. अभ्यासक्रमाची इतकी प्रामाणिक जादू! अभ्यासक्रम बदलत नाही, पाठ्यपुस्तक बदलत नाही, फक्त बरीच वर्षं वाचवते.

आणि विद्यांच्या आधी चार गोष्टी मागायच्या : स्मृती, वाणी, समज, आणि या तिन्हींचं टिकणं. चौथी वाचून थांबले. आलेलं टिकत नाही हे कुणाला तरी अनुभवाने ठाऊक होतं.

३० जून, रविवार

प्रतिलेखन सुरू. हाताने पंधरा पानं करून यंत्राला, म्हणजे हस्ताक्षर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला, शिकवलं, पुढची पानं यंत्र वाचतं आणि मी तपासते. लॅटिन लेखनिक शब्द तोडतात, वर आडवी रेघ मारून ‘म’ किंवा ‘न’ गिळतात, ‘पर’साठी ‘प’च्या पायाला छेद देतात. मोडीत मुरलेल्या माणसाला याचा त्रास होत नाही. मोडीत ऱ्हस्वदीर्घ नाही, शब्दांत जागा नाही, रेघ आधी ओढायची आणि अक्षरं तिला टांगायची. वाचणारा संदर्भाने लावतो. तीच सवय इथे कामी येतेय. अकरा पानं एका बैठकीत झाली. खूश आहे.

६ जुलै, शनिवार

खूश होण्याची घाई झाली.

फादरांना एक पान वाचून दाखवत होते. ‘सेमेल’ म्हटलं. ते म्हणाले, ‘एकदा? इथे एकदा काय करायचं?’ प्रतिमा मोठी करून पाहिली. ‘सेमेल’ नाहीच, ‘हेमेल’ आहे. लॅटिनमध्ये हेमेल असा शब्द नाही. यंत्राने त्याला माणसात आणलं होतं.

मग अकराच्या अकरा पानं पुन्हा पाहिली. झालं होतं असं : वाचन सुधारावं म्हणून मी लॅटिनची शब्दसंभाव्यता जोडली होती. कोणत्या अक्षरामागून कोणतं येण्याची शक्यता जास्त, ते यंत्र त्यातून ठरवतं. साध्या लॅटिन ओळींत त्याचा फायदाच झाला. पण या ग्रंथाचा गाभा आहे ‘व्हेर्बा इग्नोटा’, न कळणारे शब्द. प्रार्थनेच्या प्रार्थना त्यांच्या. ग्रंथ म्हणतो की हे हिब्रू, ग्रीक आणि खाल्डियन आहे. यंत्राला वाटलं, चुका आहेत. त्याने त्या दुरुस्त केल्या.

दोष यंत्राचा नाही. तपासणारी मी होते, आणि मलाही वाचताना बरं वाटत होतं, कारण ओळ लागत होती. मोडीची सवय नडली. संदर्भाने लावायचं तर संदर्भ हवा, आणि इथे संदर्भ असा नाहीच. ‘हेमेल’च्या आधी काय असावं हे ‘हेमेल’वरून सांगता येत नाही.

शब्दसंभाव्यता बंद केली. अकरा पानं पुसली. नियम १ : न कळणारा शब्द अक्षराअक्षराने टंकायचा, मोठ्याने वाचून. ओळ लागल्यासारखी वाटली तर थांबून पुन्हा पाहायचं.

१४ जुलै, रविवार

आठवडाभर एकाच प्रश्नावर अडले होते, तो आज सुटला. निदान निर्णय तरी झाला.

टीईआय या खुणा घालून मजकूर नोंदवायच्या प्रमाण पद्धतीने काम करताना प्रत्येक तुकड्याची भाषा सांगावी लागते. लॅटिनला संकेत आहे, ग्रीकला आहे. या शब्दांना कोणता? भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतयादीत अडचणीच्या वेळेसाठी चार खास खणे ठेवलेले आहेत. ‘एमआयएस’ : भाषा माहीत आहे पण यादीत तिला संकेत नाही. ‘एमयूएल’ : अनेक भाषा. ‘यूएनडी’ : भाषा ठरलेली नाही. ‘झेडएक्सएक्स’ : भाषिक मजकूरच नाही, जसं पक्ष्यांचं ध्वनिमुद्रण.

माझा कल झेडएक्सएक्सकडे होता. सरळ आहे, अर्थ नाही तर भाषा नाही. फादरांनी हरकत घेतली. टर्नरच्या छापील पाठात एक प्रार्थना ‘थेऑस मेगाले पातिर इमास’ अशी सुरू होते. ते म्हणाले, ‘थेऑस देव. पातिर पिता. मेगालेचं संबोधन धरलंत तर महान. इमास म्हणजे आम्हाला किंवा तुम्हाला, त्यातलं काहीतरी. चार शब्द पाण्याच्या वर आहेत हो, पाचव्यापासून बुडतात. बुडाले म्हणजे नव्हतेच असं कसं म्हणता?’

शिवाय खुद्द ग्रंथ काय म्हणतो? तो म्हणतो की या शब्दांना अर्थ आहे आणि तो इतका दाट आहे की लॅटिनमध्ये पुरता उतरणार नाही. काही प्रार्थनांच्या खाली एक लॅटिन प्रार्थना येते आणि ती वरच्या शब्दांपैकी थोड्यांचंच विवरण आहे असं सांगितलेलं असतं. ग्रंथाचा दावा अर्थाचा असताना मी खण्यात ‘भाषा नाही’ लिहिणं म्हणजे कौत्स होणं.

कौत्स आठवायला कारण आहे. निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या ग्रंथात, यास्क त्याचं मत देतात : ‘अनर्थका हि मन्त्राः’, मंत्रांना अर्थ नाही. आणि उत्तर देतात की आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे. यास्कांचं उत्तर मला कॉलेजात फार आवडायचं. आज कौत्साचीही बाजू कळते. पण एक फरक सरळ आहे. वेदांचा शब्द अर्थ कळो न कळो, पदपाठ, क्रम, जटा, घन अशा साखळ्यांनी बांधलेला होता. उलटसुलट म्हणूनही अक्षर हलू नये अशी सोय होती. सामगानातलं ‘हाउ हाउ’सुद्धा मोजून टिकवलं. आर्स नोटोरियाकडे असलं काहीच नव्हतं. एक लेखनिक, त्याच्यासमोर न कळणारे शब्द, संध्याकाळचा उजेड. त्याने जमेल तसं उतरवलं, पुढच्याने ते पाहून उतरवलं.

म्हणून पाठभेद भराभर वाढतात. ओळखीच्या शब्दातली चूक पुढचा लेखनिक दुरुस्त करतो. अनोळखी शब्दातली चूक तो भक्तिभावाने जपतो. शब्दांच्या सीमा सरकतात, एका प्रतीतले दोन शब्द दुसऱ्या प्रतीत एक होतात. टर्नरच्या छापील पाठात ‘साथुस्तेऑन’ असा एक शब्द आहे. फादरांना त्याच्या शेपटीत ‘थेऑन’ दिसतो. मला दिसत नाही, पण त्यांची टीप त्यांच्या नावाच्या आद्याक्षराने ठेवली आहे.

निर्णय : यूएनडी. भाषा ठरलेली नाही. नियम २ : इथे ‘शुद्ध रूप’ हा खणा ठेवायचाच नाही. मोडीच्या कामात मी दोन खणे भरते, कागदावर जसं आहे तसं आणि आजच्या लेखनात. इथे दुसरा खणा रिकामा दिसला तरी कुणीतरी कधीतरी तो भरेल. म्हणून तो काढूनच टाकला.

२८ जुलै, रविवार

नोटेंना हात घातला आणि हात पोळला.

वाटलं होतं, चित्रं आहेत, चौकट मारू, ‘आकृती’ लिहू, पुढे जाऊ. पण जवळून पाहिलं तर चित्रात लेखन गच्च भरलेलं. वर्तुळांच्या कडेने, वर्तुळांना जोडणाऱ्या पट्ट्यांतून. पॅरिसच्या प्रतीत रंग आहेत, देवदूत आहेत, डोळा आधी त्यांच्याकडेच जातो. तरी ती सजावट नव्हे. प्रार्थनेचे शब्द आणि आकृती मिळून एकच वस्तू आहे. ठरल्या वेळी म्हणत म्हणत पाहायची. त्या पाहण्याला ग्रंथात ‘इन्स्पेक्शिओ’ असा शब्दच आहे.

यंत्राला ओळ आडवी लागते. वर्तुळातली ओळ त्याला बोटभर तुकड्यांची भेळ वाटते. उपाय सापडला ओपनसीव्ही या प्रतिमांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, वार्पपोलर नावाचं फंक्शन आहे. वर्तुळाचा मध्य आणि त्रिज्या दिली की ते वर्तुळ कापून सरळ पट्टी पसरतं, संत्र्याची साल एका सलग फितीत सोलावी तसं. पट्टी मग हाताने वाचता येते. मध्य एका टोकाला दोन-तीन पिक्सेल चुकला तर अक्षरं नागमोडी होतात. आज सात वर्तुळं सोलली.

प्रश्न राहिला तो कापायचं कुठे याचा. वर्तुळाला सुरुवात नसते, पट्टीला असावी लागते. जिथे सुरुवातीचा क्रूस काढलेला दिसतो तिथे कापते. इतरत्र वरून, घड्याळातल्या बाराच्या ठिकाणी. हा माझा निर्णय आहे, हस्तलिखिताचा नव्हे, असं प्रत्येक नोंदीत लिहिते.

आणि टर्नर! त्याच्या छापील पुस्तकात आकृत्या नाहीतच. मजकूर सांगत राहतो की आता अमुक नोटा समोर धर, तमुक वेळा पाहा, आणि समोर नुसता कागद. १६५७ पासून इंग्रजी वाचकाच्या हातात जे आलं ते पाळण्याशिवायचं पाळणागीत. जादूचे हौशी वाचक पिढ्यान्‌पिढ्या त्यावरच गुजराण करत होते. प्रती स्कॅन होऊन घरबसल्या दिसायला लागल्या तेव्हा कुठे शब्द आणि आकृती सामान्य वाचकाच्या समोर पुन्हा एकत्र आल्या. माझ्या या उद्योगाला काही अर्थ असेल तर तो इथे आहे.

४ ऑगस्ट, रविवार

दीप अमावस्या. दिवे घासले, काम थोडंच.

योगायोगाने आज विधीचाच भाग लावत होते. चौदाव्या शतकातल्या टीकेच्या परंपरेप्रमाणे विधी चार महिन्यांचा. नव्या चंद्रापासून आरंभ. पापनिवेदन, उपास, ब्रह्मचर्य, मौन, आणि दिवसाच्या ठरावीक प्रहरांना प्रार्थना. चांद्र तिथींचा हिशेब इतका की मजकूर लावायला पंचांग वाचता येणाऱ्या माणसाला फार शिकावं लागत नाही.

नियम मोडला तर काय होतं तेही सांगितलंय. शलमोनाच्या घरातल्या एका माणसाच्या हाती हा ग्रंथ लागला. दारू प्यालेला होता, बाईकडून आलेला होता, तशातच प्रार्थना म्हणायला बसला. वाचा गेली, दृष्टी गेली, स्मृती गेली. मरताना मात्र बोलला आणि म्हणाला, मी चार देवदूतांचा अपराध केला, एक स्मृतीवर बसला, एक जिभेवर, एक डोळ्यांवर, एक कानांवर. ‘सोवळं पाळलं नाही,’ आईने एका वाक्यात निकाल दिला.

१० ऑगस्ट, शनिवार

फादरांनी तीन लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवले. थॉमस अक्वायनस. तेराव्या शतकातला हा धर्मपंडित आपल्या ‘सुम्मा थेओलोगिए’मध्ये, दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या खंडात, ९६व्या प्रश्नाच्या पहिल्याच कलमात हा विषय घेतो : आर्स नोटोरियाचे आचार करणं निषिद्ध आहे का? म्हणजे ही आडबाजूची भानगड नव्हती. विद्यार्थी करत होते, म्हणून प्राध्यापकाला उत्तर द्यावं लागलं.

मांडणी आपल्याला ओळखीची. आधी पूर्वपक्ष, तोही कच्चा नाही. बायबलमधल्या दानिएलने आणि त्याच्या सोबत्यांनी राजाचं अन्न नाकारलं, कडधान्यावर आणि पाण्यावर राहिले, आणि देवाने त्यांना विद्या दिली. मग उपासाने विद्या मिळवण्यात वाईट काय? उत्तरपक्ष : ही कला निषिद्ध आहे आणि निष्फळही. निषिद्ध का, तर आकृती पाहणं आणि न कळणारे शब्द उच्चारणं यात ज्ञान उत्पन्न करण्याची नैसर्गिक शक्ती नाही. म्हणजे त्या खुणा आहेत. चर्चच्या संस्कारांच्या खुणा देवाने घालून दिल्या, या नाहीत. मग या खुणा कुणाला केल्या जातात? सैतानाला. निष्फळ का, तर माणसाला ज्ञान दोनच वाटांनी येतं, स्वतः शोधून किंवा दुसऱ्याकडून शिकून. देव हवं तर एखाद्याला थेट देईल, पण ते त्याच्या मर्जीने. कुणी तिथी पाळली म्हणून नाही.

‘निष्फळ म्हणायचंच होतं तर निषिद्ध कशाला म्हणायचं?’ मी विचारलं. फादर हसले. ‘अहो, निष्फळ गोष्टीच जास्त वेळ खातात.’

थॉमसच्या युक्तिवादात मला माझा झेडएक्सएक्स दिसला. तो शब्दांना अर्थहीन म्हणत नाही. त्याला पटलंय की ते कुणाला तरी कळतात, आणि त्याची काळजी तीच आहे. न कळणाऱ्या शब्दाबद्दल इतका आदर आजच्या विवेकवाद्याकडे नसतो.

२५ ऑगस्ट, रविवार

चार दिवस ताप होता, त्यामुळे टंकन शून्य. पडल्या पडल्या जॉन ऑफ मॉरिन्यीचं वाचलं. तीन साक्षींत त्याची प्रत नाही, तरी त्याची नोंद केल्याशिवाय राहवत नाही. या सगळ्या प्रकरणात बोलतं तोंड तेवढंच.

पॅरिसच्या दक्षिणेला एताम्प, त्याच्या जवळ मॉरिन्यीचा बेनेडिक्टाइन मठ. जॉन तिथला भिक्षू. लहानपणी शार्त्रला शिकला, पुढे ओर्लेआंला कायदा. पैसे बेताचे, विद्येची भूक मोठी. एकाकडून काळ्या जादूची पोथी उसनी घेतली. मग जेकब नावाच्या एका लोंबार्ड वैद्याने सांगितलं, ती सोड, आर्स नोटोरिया घे, सगळ्या विद्या येतील. याने घेतली. आणि, त्याच्या सांगण्याप्रमाणे, ती चालली. विद्या आली. सोबत दृष्टांतही आले, आधी सुंदर, मग असे की झोप उडाली. शेवटी त्याला खात्री पटली की या सुंदर प्रार्थनांच्या आत सैतानाची नावं विणलेली आहेत.

त्याला एक धाकटी बहीण होती. वय चौदा-पंधरा. तिला वाचायला शिकायचं होतं. त्या काळात त्या वयाच्या मुलीला लॅटिन कोण शिकवणार? भावाने तिलाही हीच वाट दाखवली, आणि ती थोड्या काळात वाचायला, लिहायला आणि गायला शिकली. मग तिलाही रात्री कुणी दिसायला लागलं, घाबरवायला लागलं. तेव्हा दोघांनी मिळून ती कला सोडली. हा भाग मी तीनदा वाचला. पंडितांच्या वादात ही मुलगी एवढ्यापुरती येते. तिचं शिक्षण जादूने झालं की भाऊ रोज शेजारी बसून वाचून घेत होता म्हणून झालं, यावर माझं मत आहे. नोंदवहीत ते लिहीत नाही.

जॉन मात्र थांबला नाही. कुमारी मेरीने परवानगी दिली असं सांगून त्याने नवा ग्रंथ रचला : ‘लिबेर फ्लोरुम’, स्वर्गीय शिकवणीच्या फुलांचा ग्रंथ. अपोलोनिअसच्या सोन्याच्या फुलांना दिलेलं उत्तरच ते. न कळणारे शब्द काढले, कळणाऱ्या प्रार्थना घातल्या. १३०१ ते १३१५ त्याचं हे लेखन चाललं. टीकाकारांनी आकृत्यांवर बोट ठेवलं. त्यांना तो ‘भुंकणारे कुत्रे’ म्हणतो आणि मग निमूटपणे १३१५ मध्ये आकृत्या बदलतोही. लेखक म्हणून मला तो इथे फार जवळचा वाटला.

१३२३ मध्ये पॅरिसमध्ये ग्रंथ जाळला. फ्रान्सच्या राजबखरीत त्याची नोंद आहे : मॉरिन्यीच्या एका भिक्षूने कुतूहलापायी आणि गर्वापायी आर्स नोटोरिया नावाचा निषिद्ध प्रकार पुन्हा उठवला. शब्द बदलले होते, बाईची प्रतिमा घातली होती, तरी वासाने ओळखलं त्यांनी. कित्येक शतकं त्याच्याबद्दल एवढंच माहीत होतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून प्रती ओळखू यायला लागल्या, आज वीसहून जास्त सापडल्या आहेत. क्लेअर फँगर आणि निकोलस वॉटसन यांनी २०१५ मध्ये संपादित आवृत्ती काढली. जाळून वीस प्रती राहतात, म्हणजे वाचणारे किती असतील.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती. सुट्टी.

२२ सप्टेंबर, रविवार

घोळ. शब्दांना दिलेले पत्ते आणि चित्रं जुळत नाहीत. ‘हेमेल’वर टिचकी मारली की समास उजळतो.

कारण सापडायला दुपार गेली. जूनमध्ये जागा वाचवायला मी काही पानं लहान आकारात उतरवली होती आणि पत्ते त्या पिक्सेलमध्ये मोजले. दाखवताना मूळ मोठी प्रतिमा येते, मग सगळं वर-डावीकडे सरकतं. गुणाकार करून दुरुस्त होतं, पण सोललेल्या वर्तुळांच्या बाबतीत दोनदा गुणाकार झाला होता, एकदा सोलण्याआधी आणि एकदा नंतर. ती सगळी पुन्हा. आता पत्ते टक्क्यांत ठेवते, आकार कितीही असो.

तेराव्या शतकातल्या लेखनिकाला हसले होते जुलैत. मीही न कळता उतरवूनच घेत होते की.

५ ऑक्टोबर, शनिवार

तर्काच्या दोन आणि व्याकरणाच्या तीन आकृत्या दोन्ही हस्तलिखितांतून समोरासमोर लागल्या. पहिल्यांदाच एका पडद्यावर पाहिल्या. सांगाडा ओळखीचा, तपशिलात चुलत भावंडं. टर्नरच्या रकान्यात त्या ठिकाणी राखाडी चौकोन ठेवला आहे आणि खाली फक्त : ‘छापील प्रतीत आकृती नाही.’ चौकोन सुंदर दिसत नाही. राहू दे.

एका मित्राने सुचवलं की न कळणारे शब्द म्हणून दाखवणारा आवाज जोड, लोकांना आवडेल. नको. लिहिलेलं काय आहे ते मी सांगू शकते. उच्चार सांगितला की तो आणखी एक पाठभेद, आणि तो सगळ्यांत मोठ्याने बोलणारा.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सकाळी पाटीपूजन. भाचा सहा वर्षांचा, त्याच्या पाटीवर सरस्वती काढायची होती. आई काढते ती जुन्या पद्धतीची, एकाच्या आकड्यांची. १ सुलटा, १ उलटा, जोडत जोडत गेलं की मधे देवी उभी राहते. पाटीवर हळदकुंकू, झेंडू, शेजारी त्याची पुस्तकं आणि माझा लॅपटॉप. लॅपटॉपवर आकृत्या उघड्याच होत्या. आईने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा पाटीकडे. ‘त्यांचीपण सरस्वतीच आहे की.’

मी समजावू लागले की तसं नाही, काळ वेगळा, धर्म वेगळा, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग यात पहिली रेघ कुठली?’

भाच्याला ती तेच शिकवत होती. त्याने मधूनच सुरुवात केली तेव्हा तिने खडू काढून घेतला, पुसलं, आणि त्याचा हात धरून पहिला १ काढवला. झालेली आकृती पाहून क्रम कळत नाही. तो हातात असतो आणि हातातून हातात जातो.

दुपारी नोंदी उघडल्या. माझ्या आकृत्यांमध्ये प्रत्येक वर्तुळाला अंक आहे : वरून खाली, डावीकडून उजवीकडे. तो मी दिला, जुलैमध्ये, विचार न करता, कारण फाइलला अंक लागतो. उद्या कुणी या नोंदी वापरल्या तर त्याला वाटेल, वाचायचा क्रम हाच.

सगळे अंक काढून प्रत्येक वर्तुळाला फुलाचं नाव दिलं : झेंडू, शेवंती, जाई, कण्हेर. फुलांना क्रम नसतो. ‘वाचनक्रम’ असा वेगळा खणा केला आणि त्यात भरलं फक्त तिथे, जिथे मजकूर स्वतः क्रम सांगतो.

वक्तृत्वाच्या चार आकृत्या राहिल्या आहेत. फुलांची नावं संपत आलीत, आईला विचारते.